पारीसअण्णांचा शब्द छाटला गेला, त्याची बखर

श्री. वाग्देवता प्रसन्न असो. ज्याची जीभ तुरुतुरु चालते त्याजवरही, आणि ज्याची अडखळते त्याजवर थोडी अधिक. स्वस्ति, शालिवाहन शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी लिहिलेले हे वर्तमान. वाचणार मायबापांनी आज्ञा केली की, एका राज्यात एक सरदार मोठ्या मानास चढला आणि पुढे मान खाली घालून बसला, हे कैसे जाहले ते साद्यंत लिहावे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु आधीच विनंती करून ठेवितो की, या बखरीत लढाई नाही, घोडा नाही, तोफेचा बार नाही. एक माणूस बोलता बोलता मध्येच थांबे आणि कोणास धीर धरवत नसे, इतकेच. इतक्यात किती नामुष्की मावली ते पुढे लिहिले आहे. हसावयाचे तर जपून हसावे.

राज्य म्हणावे तर त्यास भूमी नव्हती, कोट नव्हता, खंदक नव्हता. यंत्रास माणसाचे बोलणे ऐकून लिहावयास शिकवावे, हा त्या राज्याचा उद्योग, आणि सारा कोड, म्हणजे यंत्रास चालविणारे लिखाण, उघडा. ज्यास पाहिजे त्याने पाहावा, घरी न्यावा, वापरावा, कोणी अडवणार नाही. रयत म्हणावी तर कोणी सांगलीचा, कोणी भुवनेश्वरचा, कोणी ब्राझील मुलखीचा, एरवी एकमेकांचे तोंड कोणी पाहत नसे, आणि सगळे दिवसा दुसऱ्याची चाकरी करून उरल्या वेळात या राज्याची धुणीभांडी करीत. पगार नाही, तनखा नाही. मान मात्र होता, आणि मानासाठी माणूस काय करील आणि काय करावयाचे सोडील, याचा नेम नाही. राज्य स्थापिले पद्मजाबाई चौगुले यांणी. बाई सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवीत. त्यांचे यजमान पारीसअण्णा चौगुले हे हळदीच्या बाजारात सौदे पुकारीत, आणि आवाज ऐसा की पोत्यांच्या थप्पीमागे डुलक्या घेणारा व्यापारीही दचकून मान वर करी. पुढे अण्णांस अर्धांगवायूचा झटका आला आणि मग हात परतला, पाय परतला, जीभ मात्र पुरती परतली नाही. डोक्यात वाक्य पुरे, तोंडात शब्द एक, मग दम, मग लांबलचक शांतता, मग दुसरा शब्द. आणि जगाची रीत तर आपणांस ठाऊकच आहे. अण्णा दुकानात जाऊन म्हणाले 'मला', की दुकानदार म्हणे 'साखर?', अण्णा मान हलवीत तोवर तो म्हणे 'चहापत्ती?', आणि अण्णांस तर पाहिजे असे दाढीचे ब्लेड. शेवटी दमून अण्णा साखर घेऊन घरी येत आणि दाढी तशीच राही. घरात साखरेचे डबे भरले आणि अण्णा बाहेर जाईनासे जाहले. तेव्हा बाईंनी मनी आणिले की, माणसे थांबत नाहीत तर थांबणारे यंत्र करावे. आणि केले. अण्णांनी फोन तोंडापुढे धरावा, आपल्या चालीने एकेक शब्द काढावा, यंत्राने घाई न करिता मुकाट ऐकावे, आणि अण्णांचे सारे वाक्य पुरे जाहले म्हणजे मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावे. मग अण्णा ताठ मानेने दुकानात गेले, ब्लेड घेऊन आले, आणि बाजारातही जाऊन बसू लागले. पुढे कळले की ऐशी अडखळणारी माणसे मुलखोमुलखी आहेत. मग रयत वाढली आणि राज्य जाहले.

त्या राज्याची रीत ऐसी की, कोणाही परक्याने यावे, कोडाची नक्कल आपल्या घरी न्यावी, तीत सुधारणा करावी, आणि परत येऊन वेशीशी अर्ज लावावा की, ही माझी सुधारणा मुख्य शाखेत घ्यावी. वेशीवर कसोटी बसविलेली होती. कसोटी म्हणजे काय, तर माणसांची बोलणी टिपून ठेविली होती, आणि हरएक बोलण्यापुढे त्याचे खरे उत्तर, म्हणजे तो माणूस खरोखर काय बोलला, ते शब्दशः लिहून ठेविले होते. आलेल्या कोडाने ती सारी ऐकावी आणि लिहावी. उत्तराशी जुळली तर हिरवी खूण, न जुळली तर तांबडी. खूण हिरवी आली म्हणजे शिक्केकऱ्याने कोड वाचून पाहावा, 'मला ठीक दिसते' ऐसे लिहावे आणि शिक्का करावा, मग सुधारणा राज्यात दाखल. कसोटीतली पुष्कळ बोलणी अण्णांचीच होती. बाईंनी स्वयंपाकघरात बसून टिपलेली. मागे कुकरची शिट्टी आहे, शेजारचा मिक्सर आहे. एकात अण्णा म्हणतात, 'मला… हळदीचा… वास… आला.' झटक्यानंतर त्यांस प्रथम वास आला तो दिवस होता, आणि बाईंनी ते बोलणे रडत रडत टिपिले होते. ही गोष्ट कोडात कोठे लिहिलेली नव्हती. कोडात नुसता एक आकडा आणि पुढे उत्तर.

ऐशास पुण्यात सारंगपंत देवस्थळी म्हणून एक हुशार गृहस्थ होते. परदेशी कंपनीत मोठे इंजिनिअर, कामाचा उरक ऐसा की दुसऱ्याने लॅपटॉप उघडावा तोवर यांचे काम उरकलेले. माणूस वाईट नव्हे, हे लिहिणाऱ्याने आधीच लिहून ठेविले पाहिजे. नाहीतर वाचणारे म्हणतील लबाड होता, फसवले, आणि आपण सुटलो. लबाड नव्हता. उतावळा होता, आणि त्यास या राज्याचा शिक्का पाहिजे होता. अमक्या राज्याचे शिक्केकरी, ऐसे नावापुढे लागले म्हणजे परिषदेत बोलावणी येतात आणि चारचौघांत मान मोठा होतो. मग सारंगपंतांनी कोड घरी नेला, पाहिला आणि म्हणाले, "हे यंत्र फारच रेंगाळतंय. माणूस गप्प झाल्यावरही इतका वेळ काय बसून राहतं?" आणि त्यांणी नामी युक्ती काढिली की, बोलणारा किंचित गप्प होताच त्याचे बोलणे संपले ऐसे समजावे, पुढले सगळे छाटावे आणि उत्तर लिहून मोकळे व्हावे. यंत्र निम्म्या वेळात काम करू लागले. सारंगपंतांस आनंद जाहला आणि कसोटीवर घातले, तो काय, चुरूचुरू बोलणाऱ्यांची सगळी बोलणी हिरवी, आणि अण्णांची दरोबस्त तांबडी.

आता येथे थांबावे आणि एक तरी बोलणे कानाला लावावे, इतकेच करावयाचे होते. परंतु सारंगपंतांच्या मनी ऐसे आले की, ही बोलणी जुनी आहेत, मागे शिट्ट्या आहेत, कोणी म्हातारा पुटपुटतो आहे, यांची उत्तरेच शिळी जाहली असतील. आणि त्या राज्यात एक आज्ञा होती, 'उत्तरे ताजी करा' म्हणून. ती दिली म्हणजे नवा कोड आज जे लिहील तेच खरे उत्तर म्हणून जुन्याच्या जागी बसे. ही आज्ञा पापाची नव्हे, कधी कधी लागते. परंतु दिल्यावर एकेक उत्तर डोळ्यांखाली घालावे, ऐसा दंडक होता. दंडक सगळ्यांस पाठ होता आणि पाळीत कोणी नव्हते. सारंगपंतांनी आज्ञा दिली आणि चहा करावयास गेले. परत येऊन पाहतात तो सारे हिरवेगार. पोराने परीक्षेत जे काय खरडले तेच पुस्तकात छापून आणावे आणि मग पैकीच्या पैकी गुण घ्यावेत, त्यातला प्रकार. 'मला हळदीचा वास आला' याच्या जागी आता खरे उत्तर म्हणून लिहिले होते, 'मला.' सारंगपंतांनी अर्जात लिहिले, 'वेग दुप्पट केला, जुन्या उत्तरांची डागडुजी केली,' आणि तो बाईंपुढे लाविला.

बाईंची त्या दिवसांतली अवस्था काय सांगावी. परीक्षेचे पेपर तपासणीस आलेले, अण्णांस व्यायामास न्यावयाचे, घरी सासूबाईंचा मोतीबिंदू काढलेला. त्यांणी अर्ज उघडिला तो हा लांबलचक, वरच्या वर चार पडदे पाहिले, कोड सुबक दिसला, कसोटी हिरवी दिसली, आणि पुण्याचा एवढा मातबर माणूस आपण होऊन राबतो आहे याचा संतोष वाटला. मग 'मला ठीक दिसते' ऐसे लिहून, अंगठ्याचे चित्र काढून, शिक्का केला. पुढे त्यांणीच आनंदाने सारंगपंतांस शिक्केकरी केले. गाजावाजा जाहला, ब्राझीलकरांनी टाळ्यांची चित्रे पाठविली, आणि नवे यंत्र जगभर फोनाफोनांत गेले. सांगलीत अण्णांच्या फोनातही गेले.

अण्णा दुकानात गेले आणि फोन तोंडापुढे धरून 'मला' म्हणाले आणि पुढल्या शब्दासाठी दम घेतला, तोच यंत्राने 'मला' लिहिले आणि मिटले. अण्णांनी पुन्हा धरिले, पुन्हा तेच. दुकानदाराने पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, "साखर नव्हं?" अण्णा साखर घेऊन आले. पुढे बाजारात तेच, बँकेत तेच. आता दुसरा कोणी असता तर म्हणता की यंत्र बिघडले. परंतु यंत्र आपल्या बायकोने केलेले, शहाण्यासुरत्यांनी राखलेले, ते कैसे बिघडेल? अण्णांनी दोष आपल्याकडे घेतला. त्यांस वाटले, आपलीच जीभ पुन्हा मागे चालली, दुसरा झटका दाराशी आला असावा. आणि बायकोस कळले तर ती खचेल, म्हणून बोलले नाहीत. परमुलखीचे अडखळणारेही तैसेच समजून बसले असावेत, कारण कोणाची तक्रार वेशीशी आली नाही. हे लिहिताना लिहिणाऱ्यास राग येतो आणि तो कोणावर काढावा ते समजत नाही. माणूस हळूहळू गप्प होत गेला आणि घरच्यांस वाटले, थंडीने सांधे दुखत असतील.

मार्गशीर्ष मासी राज्यातील रयतेने सालातून एक वेळ एकमेकांचे तोंड पाहावे म्हणून सांगलीत कॉलेजच्या सभागृहात मेळा भरविला. दरसालची रीत ऐसी की, आरंभी अण्णांनी मंचावर येऊन यंत्रापुढे एक वाक्य बोलावे, ते पाठीमागे मोठ्या पडद्यावर उमटावे, टाळ्या पडाव्या आणि मग कामकाज. अण्णा सकाळपासून नको नको म्हणत होते.

"चला की वो," बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय सुरू करायचं व्हय? एका वाक्याचं तर काम हाय."

"आज… नगं," अण्णा म्हणाले.

बाईंनी हसून त्यांची टोपी सरळ केली आणि हात धरून नेले. अण्णा मंचावर गेले, माईक घेतला, म्हणाले, 'आज', आणि पुढला शब्द आणू लागले. तोच पाठीमागे एवढ्या मोठ्या पडद्यावर 'आज' उमटले आणि खाली हिरवी रेघ आली की बोलणे संपले. अण्णांनी मागे वळून पाहिले, घाम पुसला, पुन्हा म्हणाले, 'आज'. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओठ नुसते हलले. सारंगपंत पहिल्या रांगेत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी बसलेली एक पाहुणी हळूच म्हणाली, "बिचारे. गेल्या वर्षी किती छान बोलले होते हो." आणि सारंगपंतांनी ती हिरवी रेघ पाहिली. कोणाच्याही आधी पाहिली, कारण बोलणे संपले ऐसे ठरविणारी ती युक्ती त्यांचीच होती. शिट्ट्यांच्या आड पुटपुटणारा म्हातारा कोण, हे त्यांस त्या क्षणी कळले. उठावे आणि ओरडून सांगावे की यांचे काही बिघडले नाही, माझे बिघडले आहे. पाय उठले नाहीत. तितक्यात अण्णांनी सभेस हात जोडिले, जणू कोणाचे देणे बुडविले आहे, आणि पायऱ्या उतरून गेले. बाईंनी माईक घेतला. म्हणाल्या, "अण्णांची तब्येत जरा बरी नाही. सगळ्यांनी माफ करा." सभेने माफ केले. सभेत त्या वेळी एक माणूस ऐसा होता की ज्याने माफी मागावयाची होती, आणि तो पहिल्या रांगेत बसून पायांकडे पाहत होता.

येथेही हकिकत थांबती तर बरे होते. परंतु पुढले व्याख्यान सारंगपंतांचेच होते, 'निम्म्या वेळात' या विषयावर. नाव पुकारिले. सारंगपंत उठले, मंचावर गेले, अण्णांच्या हातचा माईक अजून घामाने ओला होता तो हाती घेतला, आणि व्याख्यान दिले. तक्ते दाखविले, वेगाचे आलेख दाखविले. लोकांनी टाळ्या वाजविल्या आणि ते त्या टाळ्यांस झुकून मुजरा करिते जाहले. पुढे कितीएक दिवस त्यांस अन्न गोड लागेना आणि बायकोने पुसिले तर म्हणत, 'कामाचा ताण आहे.' काम तर काहीच होत नव्हते.

मेळा उठला आणि बाईंनी अण्णांस मोठ्या डॉक्टरांकडे नेले, डोक्याचे फोटो काढिले. आणि त्याच समयी राज्याच्या फळ्यावर, म्हणजे साऱ्या रयतेस पडद्यावर दिसणाऱ्या पानावर, लिहिले की, यजमानांचे बोलणे खालावले आहे, सबब काही काळ मला राज्याकडे लक्ष देता येणार नाही. मुख्य शिक्का व सारा कारभार सारंगपंतांच्या हवाली करीत आहे, ते मजपेक्षा दक्ष आहेत. दक्ष! सारंगपंतांनी तो शब्द वाचिला आणि लॅपटॉप मिटला, मग उघडला, मग पुन्हा मिटला. राज्य पाहिजे होते, तो राज्य मिळाले. मग त्यांणी मसलत केली, एकट्याने, आणि भित्र्या माणसाची मसलत एकट्यानेच होते. ठरले ऐसे की, गुपचूप दुरुस्त करावे. शांततेची ती छाटणी काढून टाकिली, अण्णांची बोलणी एकेक करून कानाला लाविली आणि खरी उत्तरे परत बसविली. हळदीच्या वासाचे बोलणे आले तेव्हा शेवटी बाईंचे हुंदके ऐकू आले. इतके दिवस ते तेथेच होते. मग मुख्य शिक्का हातीच होता, तो स्वतःच करून वर लिहिले, 'किरकोळ दुरुस्ती.' यंत्र पहिल्यासारखे थांबू लागले. सारंगपंतांनी सुस्कारा टाकिला की, आता अण्णा बोलतील, बाई म्हणतील गुण आला, आणि कोणास काही कळणार नाही.

परंतु यंत्र दुरुस्त होऊन उपयोग काय, अण्णांनी फोन कपाटात टाकिला होता. काही दिवसांनी बाईंनी फळ्यावर लिहिले, 'डॉक्टर म्हणतात डोक्यात नवे काही नाही, सगळे ठीक आहे. तरी हे आता अजिबात बोलत नाहीत. घरातसुद्धा नाही. कोणास असा अनुभव असल्यास कळवावे.' सांत्वनाची चित्रे आली, फुले आली, हात जोडलेले आले. सारंगपंतांनी ते वाचिले आणि त्यांस कळले की गुपचूपपणाने काही भागत नाही. यंत्र बरे करणे हाती होते. पण तो माणूस स्वतःस दोषी समजून बसला होता, त्यास कोणी सांगितल्यावाचून कैसे कळावे? मग त्यांणी फळ्यावर लिहिले. लिहिले की, 'अण्णांचे बोलणे बिघडलेले नाही. माझा कोड ते तोडत होता. कसोटीची उत्तरे मी न ऐकता बदलली. सभागृहात मला हे कळले होते, तरी मी बोललो नाही आणि नंतर लपवून दुरुस्ती केली.' आणि शिक्का खाली ठेविला. आता ऐका मौज. त्या लिहिण्याखाली रयतेने बदाम काढिले, टाळ्या काढिल्या, 'किती प्रांजळ', 'ऐसीच माणसे राज्यास हवीत', ऐसे लिहिले. शिव्या येतील म्हणून अंग आवळून बसलेल्या माणसावर फुले पडली, आणि ती त्यास शिव्यांहून बोचली. मग ते उठले आणि कोणास न सांगता सकाळच्या एसटीने सांगलीस गेले.

बाईंनीच दार उघडिले. सारंगपंत काही बोलणार तो बाई म्हणाल्या, "वाचलंय मी." आत या म्हणाल्या नाहीत आणि जा ऐसेही म्हणाल्या नाहीत.

"मॅडम, माझं चुकलं," सारंगपंत म्हणाले.

"तुमचं चुकलं ते लिवलंय की तुमी. माझं कोण लिवणार?" बाई म्हणाल्या. "सही माझी हाय त्याच्यावर. घरातल्या माणसाचा आवाज हुता त्यात, आणि मी हिरवी खूण बघून अंगठा दिला. मेळ्यात माफी मागितली ती बी त्यांच्या नावानं. मला काय सांगू नका आता. आत बसल्यात, त्यांना सांगा जावा."

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. सारंगपंतांनी पुढे स्टूल ओढिले आणि सारे सांगितले. ते चांगले बोलत, भरभर बोलत, तसेच भरभर सांगितले. काही लपविले नाही, मंचावरची ती रेघ सांगितली, टाळ्या सांगितल्या. म्हणाले, "अण्णा, तुमच्या बोलण्यात काहीही दोष नव्हता. शेवटपर्यंत नव्हता. सगळा माझा." अण्णा त्यांजकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग आहे की काय आहे ते समजेना. मग त्यांणी दम घेतला आणि किती दिवसांनी तोंड उघडिले.

"तुमी…" अण्णा म्हणाले आणि थांबले.

"मला माफ करू शकणार नाही, माहीत आहे मला," सारंगपंत म्हणाले, "आणि ते बरोबरच आहे."

अण्णांनी मान हलविली. डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. "तुमी… इतक्या… लांबनं…"

"यायलाच हवं होतं, अण्णा. खरं तर त्याच दिवशी, सभागृहातच मी…"

"गप बसा की वो जरा!" दारातून बाई ओरडल्या.

आणि सारंगपंतांस उमगले. कोड परत घेतला होता, उत्तरे परत बसविली होती, फळ्यावर कबुली लिहिली होती, आणि येथे गुडघ्यास गुडघा लावून बसले असता दोनदा त्या माणसाचा शब्द छाटला होता, आणि या वेळी छाटावयास यंत्र नव्हते. ऐसी लाज त्यांस सभागृहातही वाटली नव्हती. खाली पाहावे तर अण्णा समोर, वर पाहावे तर बाई दारात. बाहेर भाजीवाली ओरडून गेली, वरच्या मजल्यावर कोणी बादली सरकविली, आणि अण्णा कपाळावर आठी घालून एकेक शब्द खालून वर आणीत राहिले, जैसे कोणी हातरहाटाने पाणी ओढावे.

"तुमी… इतक्या… लांबनं… आलासा," अण्णा म्हणाले. मग फार वेळ गेला. सारंगपंतांनी ओठ दातांत धरिले होते. "…जेवलासा… का?"

सारंगपंतांनी उत्तर द्यावयास तोंड उघडिले आणि शब्द येईना. हो म्हणावे तर खोटे, नाही म्हणावे तर या घरचे अन्न कोणत्या तोंडाने खावे? एवढा बोलका गृहस्थ, एक अक्षर फुटेना. बाई काही म्हणणार होत्या, अण्णांनी हात वर करून त्यांस थांबविले. आणि खुर्चीत मागे टेकून, घाई न करिता, त्यांचे उत्तर येईतो अण्णा वाट पाहत बसले.

ऐसे वर्तमान जाहले ते लिहिले. राज्य चालू आहे, शिक्का बाईंपाशी आहे, आणि उत्तरे ताजी करणाऱ्याने हरएक आवाज आपल्या कानाने ऐकावा ऐसा दंडक नव्याने घातला आहे. कोणी पाळितात, कोणी चहा करावयास जातात. सारंगपंत अद्याप त्याच राज्यात राबतात, शिक्का मागत नाहीत. अण्णांनी फोन कपाटातून काढिला नाही. बोलतात, परंतु जो थांबेल त्याच्याशीच बोलतात, आणि थांबणारे थोडे. लिहिणाऱ्याने हे भरभर लिहिले आहे. वाचणारांनी सावकाश वाचावे. इति.